जोजीच्या गाण्यांची पार्श्वभूमी: आधी गाणे, मग विनोद, आणि 'लो-फाय' या शब्दाचा गुंता

जोजी या नावाने गाणारा जॉर्ज मिलर आधी यूट्यूबवर फिल्दी फ्रँक हे विनोदी पात्र साकारायचा. ते पात्र कायमचे बंद होत असल्याचे निवेदन २९ डिसेंबर २०१७ रोजी आले. कारणे तीन दिली होती: मज्जासंस्थेचा आजार, घशातील ऊतींना झालेली इजा, आणि त्या कामातला रस संपणे. 'इंटरनेटवरचा विनोदवीर गंभीर गायक झाला' ही गोष्ट बहुतेक जण या दिवसापासून सांगायला घेतात. पण जोजी या नावाने निघालेला ईपी (अल्बमहून छोटा गाण्यांचा संच) 'इन टंग्ज' ३ नोव्हेंबर २०१७ लाच बाहेर पडला होता, म्हणजे निवेदनाच्या बरोबर आठ आठवडे आधी. दुकान बंद करून दुसरा धंदा शोधला, असे झालेले नाही. दुसरा धंदा आधीपासून चालू होता, आणि खरे तर तोच पहिला होता.

मिलरच्या पहिल्या यूट्यूब चॅनेलच्या नावातच 'म्युझिक' हा शब्द आहे. २००८ मध्ये ते उघडले तेव्हा चॅनेलचा मालक जपानमध्ये, कोबेच्या शाळेत शिकत होता. स्वतः बनवलेल्या बीट्सना (ठेक्यावर बांधलेल्या धुनांना) श्रोते मिळावेत म्हणून चॅनेल होते, आणि श्रोते यावेत म्हणून पुढे त्यावर विनोदी पात्रे आली. पात्रांनी चॅनेल गिळले. ३० जानेवारी २०१३ च्या एका व्हिडिओतला काही सेकंदांचा नाच जगभर पसरला आणि त्याच्या मागचे 'हार्लेम शेक' हे आधीच्या वर्षीचे गाणे अमेरिकेच्या गाण्यांच्या मुख्य साप्ताहिक यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले, ते पाच आठवडे तिथेच राहिले. यूट्यूबवरची ऐकणी-पाहणी त्या यादीच्या हिशेबात धरायला नेमकी त्याच आठवड्यापासून सुरुवात झाली होती. म्हणजे जो माणूस स्वतःचे गाणे ऐकवू पाहत होता, त्याच्या नाचाने दुसऱ्याचेच गाणे वर नेले. या प्रकरणाकडे सहसा गंमत म्हणून पाहिले जाते. ते जिव्हारी लागावे असे होते, एवढे तरी मान्य करायला हवे.

२०१५ च्या अखेरीस साउंडक्लाउड या गाणी ऐकवण्याच्या संकेतस्थळावर मिलरची वेगळ्या नावाने दोन संथ गाणी आली. खाते लपवलेले होते, चाहत्यांनी ते शोधून काढले. जानेवारी २०१६ मध्ये त्या गाण्यांचा एक संग्रह जाहीर झाला, पण तो ठरल्या रूपात कधीच पूर्ण आला नाही. त्याऐवजी जानेवारी २०१७ मध्ये आला पिंक गाय (इंग्रजी 'गाय', म्हणजे माणूस) या त्याच्याच दुसऱ्या पात्राचा ३५ ट्रॅकचा विनोदी अल्बम. गुलाबी पोशाखातल्या पात्राची शिवराळ गाणी आणि त्याच हातांनी बनवलेली उदास, अर्धवट वाटणारी गाणी अशी दोन वर्षे शेजारी शेजारी चालली. 'वळण' हा शब्द इथे बसत नाही. रस्ते दोन होते, त्यातला एक बंद केला.

या संथ गाण्यांना काय म्हणायचे, यावर मात्र आजही एकमत नाही. चाहते 'लो-फाय' म्हणतात, म्हणजे 'लो फिडेलिटी', मुद्दाम किंवा नाइलाजाने ओबडधोबड राहिलेला आवाज. ऑक्टोबर २०१८ चा 'बॅलड्स १' हा अल्बम अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) आणि हिप-हॉपच्या यादीत पहिला आला, आणि आशियात जन्मलेला कलाकार तिथे पहिल्यांदाच पोचला. यादी करणाऱ्यांच्या लेखी तो त्या खान्यातला होता. जुने समीक्षक ट्रिप-हॉप (हिप-हॉपच्या ठेक्यांवरचे संथ, धूसर संगीत) म्हणतात. सर्वात जास्त घोळ लो-फाय या शब्दाने घातला आहे, कारण त्या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे घरगुती ध्वनिमुद्रण. १९८६ मध्ये न्यू जर्सीच्या एका कॉलेज रेडिओवर घरी टेप केलेल्या गाण्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता, त्याचे नाव लो-फाय. इथे शब्दाचा अर्थ साधनांशी बांधलेला आहे: चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, स्वस्त माइक, टेपची सळसळ. आवाज खराब असतो कारण पर्याय नसतो.

दुसरी गोष्ट सॅम्पलरमधून, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रातून आली. १९८७ चा एक गाजलेला ड्रम-सॅम्पलर १२ बिटवर, सेकंदाला सुमारे २६,००० नमुने घेऊन आवाज साठवायचा. त्यामुळे १३ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे कापले जायचे. स्मृती अवघी १० सेकंदांची. ती पुरावी म्हणून लोक मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर फिरवून भरून घेत आणि मशिनमध्ये पुन्हा खाली उतरवत. वेग १.३५ पट, म्हणजे सूर साधारण सव्वापाच सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली आणावा लागे. या उतरवण्यात ध्वनीला जो खरखरीत कडा येतो, तोच पुढे लोकांना हवाहवासा वाटू लागला. डेट्रॉइटच्या एका निर्मात्याने फेब्रुवारी २००६ मध्ये ३१ छोट्या तुकड्यांचा वाद्यसंगीताचा अल्बम काढला आणि तीन दिवसांनी तो वारला. टोकियोच्या दुसऱ्या निर्मात्याने २००४ च्या एका अ‍ॅनिमे मालिकेसाठी जॅझचे तुकडे आणि हिप-हॉपचे ठेके एकत्र बांधले. दोघांचाही जन्म ७ फेब्रुवारी १९७४ चा. अभ्यास करताना लावायचे अखंड प्रवाह आज जो आवाज वाजवतात, तो या दोघांकडून आलेला आहे.

त्या आवाजाचे गणित साधे आहे, बिघडतेही साध्याच जागी. लय मिनिटाला ७० ते ९० ठोके. ८० ची लय धरली तर एक ठोका ७५० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १८७.५ चा. हाय-हॅटला (ड्रमच्या झांजांना) ५८ टक्के स्विंग दिला की जोडीतला दुसरा ठोका १८७.५ ऐवजी २१७.५ वर पडतो, म्हणजे ३० मिलिसेकंद उशिरा. रेंगाळल्याची जी भावना येते ती इथली. स्नेअर (ड्रमचा खणखणीत ठोका) आणखी १० ते २० मिलिसेकंद मागे ओढतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मात्र जागच्या जागी ठेवतात. नवशिके सगळेच मागे सरकवतात, आणि मग काहीच मागे वाटत नाही, कारण तुलनेला स्थिर काही उरत नाही. तबकडीची करकर वेगळ्या ट्रॅकवर घालतात. तो तुकडा दोन-चार मात्रांचा असला तर एखादी 'टिक' दर वेळी त्याच जागी येते आणि कान ती ठोका म्हणून धरतो. ८० च्या लयीत निदान आठ बार (एक बार चार ठोक्यांचा), म्हणजे २४ सेकंदांचा तुकडा हवा, आणि त्याची लांबी गाण्याच्या बारशी मुद्दाम न जुळणारी असावी. टेपसारखा डोलणारा सूर कीबोर्डवर १० ते २० सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) चालतो. तोच आवाजावर लावला की गायक बेसूर वाटतो.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ती लो-फाय नाहीच. मराठी-हिंदी गाण्यांच्या 'लोफाय' आवृत्त्या म्हणून जे फिरते, ते बहुतेक वेळा तयार गाणे मंद करून त्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवलेला असतो. हे घराणे ह्यूस्टनचे: १९९० च्या दशकात तिथल्या एका डीजेने कॅसेटवर गाणी मंद करून विकली, आणि २०१७ च्या आसपास त्याच शहरातून रिव्हर्ब लावलेली नवी पद्धत निघाली. आपल्या संगीतात लय आणि सूर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तीच चीज त्याच पट्टीत विलंबितही गाता येते. इथे तसे नसते, फाइलच हळू फिरवल्याने लय उतरली की सूरही उतरतो. वेग ०.८५ केला तर चार मिनिटांचे गाणे ४ मिनिटे ४२ सेकंदांचे होते आणि सूर २.८ सेमीटोन घसरतो. काळी चारमधले भावगीत पांढरी चारच्या किंचित वर येऊन थांबते, धड कुठल्याच पट्टीत नाही. पेटी घेऊन सोबत करू पाहणाऱ्याला ते सापडत नाही, त्याचे कारण हे. शिवाय पूर्ण मिक्सवर रिव्हर्ब घातला की तबल्याचा बायाँ आणि बास एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. रिव्हर्बच्या घुमाऱ्यातून २५० हर्ट्झच्या खालचे कापले तर तो बराच निवळतो, पण हे करायची तसदी फार थोडे घेतात.

आता जोजीकडे वळू. २०१५ ची साउंडक्लाउडवरची गाणी पहिल्या दोन अर्थांनी लो-फाय म्हणता येतील. 'इन टंग्ज'मधल्या सहा गाण्यांपर्यंतही तो शब्द ओढूनताणून पुरतो. पण 'बॅलड्स १'मधल्या 'स्लो डान्सिंग इन द डार्क'च्या ध्रुवपदात जी सिंथची भिंत उभी राहते, ती मोठ्या स्टुडिओची, रुंद, आखून केलेली आहे. तिथे खरखर असली तरी ती सजावट आहे, नाइलाज नव्हे. तरीही शब्द चिकटून राहिला, आणि त्यामुळे त्याच्या गाण्याच्या बाजूकडे कमी लक्ष गेले. ही चूक मोठी आहे.

कारण बदल ठेक्यात कमी आणि घशात जास्त झाला. फ्रँकचा आवाज घसा आवळून, घोगरा, ओरडून काढलेला होता. पिंक गायचाही चिरका. जोजीचे गाणे हळू, श्वास ऐकू येईल असे, वरच्या जागा हलक्या खोट्या आवाजात घेणारे. असे गायन सोपे दिसते, पण मुद्रणाला कठीण असते. तोंड माइकपासून पाच ते दहा सेंटिमीटरवर असते, त्यामुळे खालचा नाद फुगतो. ८० ते १०० हर्ट्झखाली कापावे लागते. आवाज लहान म्हणून गेन (माइकची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, मग पंखा आणि फ्रिजही गाऊ लागतात. दोन वेगळे टेक डावीकडे-उजवीकडे लावून आवाज जाड करायचा तर 'स' आणि 'त' एकाच क्षणी पडले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक ओळीचा शेवट दुहेरी ऐकू येतो. म्हणून दुसऱ्या टेकमधली ही व्यंजने कापून टाकतात. रिव्हर्बला २० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) दिला नाही तर शब्द मागे जातात, आणि या गाण्यांत शब्दच मागे गेले तर काही उरत नाही. डिसेंबर २०१७ च्या निवेदनात घशाचा उल्लेख होता, तो वाचून ही गाणी ऐकली की त्यांतला संथपणा निव्वळ फॅशन म्हणून बाजूला सारता येत नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २०२० च्या 'नेक्टर'ने अमेरिकेच्या मुख्य अल्बम यादीत तिसऱ्या क्रमांकावर सुरुवात केली. १० जून २०२२ चे 'ग्लिम्प्स ऑफ अस' ऑस्ट्रेलियात पहिले आणि अमेरिकेत आठवे आले. त्यात ड्रम नाहीत, करकर नाही. पियानो आणि आवाज यांवर सगळे उभे आहे, लपायला जागाच नाही. विनोदी पात्राचा मागमूस न ठेवता नवे श्रोते याच गाण्यातून आले. त्यातल्या अनेकांना फ्रँक कोण, हे नंतर कळले.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आलेला 'स्मिदरीन्स' नऊ गाण्यांचा, जेमतेम २४ मिनिटांचा आहे. पहिली पाच गाणी संथ, नीट घासूनपुसून केलेली. उरलेल्या चार गाण्यांपैकी एकाच्या नावात 'डेमो' आहे, एकाच्या 'इंटरल्यूड', एकाच्या 'फ्रीस्टाइल', आणि ती तशीच आहेत: आखूड, खडबडीत, मध्येच तुटणारी, २०१५ च्या त्या लपवलेल्या खात्यावर शोभली असती अशी.