संवादी रचना आणि घरगुती पाणीबचत : पार्श्वभूमी

वापरलेले पाणी डोळ्यांना दिसत राहिले की हात आपोआप आखडतो, या समजुतीवर घरातील संवादी रचनेचा, म्हणजेच वापरणाऱ्याला त्याच्या वापराबद्दल दाखवत-सांगत राहणाऱ्या इंटरॅक्टिव्ह डिझाइनचा, डोलारा उभा आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत बंबातले पाणी घंगाळात काढले जाई आणि घंगाळ संपले की आंघोळही संपे. शॉवरने हे मोजमाप नजरेआड केले. ते परत आणण्याचे संशोधकांचे प्रयत्न मुख्यतः 2000 नंतरचे आहेत. 2009 मध्ये शॉवरमधून गेलेल्या पाण्याप्रमाणे वर चढत जाणारी दिव्यांची पट्टी मोजक्या घरांत लावून पाहण्यात आली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये शेकडो घरांत शॉवरच्या नळीवर आकडे दाखवणारा लहान पडदा (डिस्प्ले) बसवला गेला आणि आंघोळ चालू असतानाच लिटरचा आकडा दिसू लागल्यावर तिचे पाणी तापवण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे 22 टक्क्यांनी घटली. घराच्या पाणीवापराची शेजाऱ्यांशी तुलना करणाऱ्या पत्रांचा परिणाम याहून सौम्य ठरला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 2007 साली झालेल्या मोठ्या प्रयोगात बचत 5 टक्क्यांच्या आसपास राहिली आणि काळानुसार ओसरत गेली.

तुलना नेमकी कशाशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट आहे, कारण येथे माणशी दररोज 135 लिटर हा आकडा सर्रास बचतीचे उद्दिष्ट म्हणून वापरला जातो. मुळात तो बचतीचा आकडाच नव्हे. पाणीपुरवठा योजना आखताना भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी 135, नळ आहे पण भुयारी गटार नाही तेथे 70 आणि सार्वजनिक नळकोंडाळ्यांवर 40 लिटर, असे पुरवठ्याचे निकष केंद्रीय पातळीवर ठरले. किती पाणी पोहोचवता यावे हे ते सांगतात, किती पुरे हे सांगत नाहीत. तरीही चौघांच्या कुटुंबाने 540 पैकी 500 लिटर वापरले की पडद्यावर हिरवे पान उमलावे, अशी रचना सुचवली जाते. जिथे कमी दाबाने जेमतेम तासभर पाणी येते, तिथे तर हेच पान चेष्टा वाटेल. माझ्या मते घराच्या स्वतःच्या मागील महिन्याशी केलेली तुलनाच प्रामाणिक ठरते.

तीही नाशकात सोपी नाही. अनेक सोसायट्यांत नळजोडणीवर एकच मीटर असतो, पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत आणि मग मोटरने गच्चीवर जाते आणि बिल मेंटेनन्समध्ये विरून जाते. त्यामुळे मोजणी करायची तर ती फ्लॅटच्या आत येणाऱ्या नळापाशीच करावी लागते. 2016 च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले, तेव्हा टंचाई सगळ्या शहराला दिसली, पण कोणत्या घरात किती पाणी खर्च झाले हे सांगायला सोसायटीचा मीटर असमर्थच होता.

घरोघरी खरोखर पोहोचलेली संवादी रचना एकच, ती म्हणजे टाकी भरल्यावर बोलणारा अलार्म. तो ऐकून कोणीतरी उठून मोटर बंद करत असे. आता सेन्सर ते काम परस्पर करतो आणि टाकी दिवसातून किती वेळा भरली, हे घरात कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण उरलेले नाही.