टाइमरचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ

जावास्क्रिप्ट शिकता शिकता मी ब्राउझरमध्ये लाइव्ह कोडिंगचं, म्हणजे कोड चालू असतानाच बदलत संगीत वाजवायचं, एक छोटं साधन बांधतोय. कोड लिहायचा, कंट्रोल-एंटर दाबलं की ठेका सुरू. कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी अमळनेरच्या घरी त्यात केरवा ताल टाकला, लय मिनिटाला १२० ठोक्यांची. ढोलकी वाजवणारे मामा शेजारीच होते. थोडा वेळ मांडीवर बोटं धरली, मग थांबवली आणि म्हणाले, "ताल हुकी ऱ्हायना रे भो." म्हणजे, ताल हुकतोय.

कोडमधल्या मात्रा बरोबर होत्या, चुकलं होतं घड्याळ. ब्राउझरमध्ये वेळेसाठी दोन गोष्टी मिळतात आणि शिकणारा सेटटाइमआउटच उचलतो, म्हणजे ‘इतक्या वेळाने हे कर’ सांगणारा टाइमर, कारण धड्यांत तो आधी येतो.

१२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. आपण लिहितो, ५०० नंतर वाजव. ब्राउझर समजतो, ५०० च्या आधी वाजवू नको. तेवढ्यात स्क्रीनवर काही रंगवायचं निघालं तर ठोका रांगेत थांबतो. पुढचा टाइमर त्या उशिरा आलेल्या ठोक्यातून लावला की उशीर साचतो: दर ठोक्याला ४ मिलिसेकंद धरले तर १२५ ठोक्यांत, म्हणजे जेमतेम मिनिटभरात, अख्खा एक ठोका मागे. तरी उशीर एकसारखा असता तर लय नुसती संथ झाली असती. तो कधी २, कधी १५ असतो, आणि मामांच्या बोटांना खटकलं ते हेच. टॅब मागे गेला तर टाइमर कधी कधी सेकंदाला एकदाच चालतो. मग ठेका उरतच नाही.

दुसरं घड्याळ ऑडिओकॉन्टेक्स्टचं, म्हणजे ब्राउझरमधल्या आवाजाच्या यंत्रणेचं. त्याचं नाव करंटटाइम. ते आवाजाचे नमुने मोजत पुढे सरकतं, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००, एका वेळी १२८. आवाजाचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या रांगेत, चालतं, त्यामुळे स्क्रीनच्या गडबडीची झळ त्याला सहसा लागत नाही. इथे ‘इतक्या वेळाने’ म्हणायचं नाही, ‘१२.५ व्या सेकंदाला वाजव’ असं नेमकं सांगायचं. (पानावर क्लिक होईपर्यंत हे घड्याळ सहसा शून्यावरच असतं. मी त्यात एक संध्याकाळ घालवली.)

पण हे घड्याळ आपल्याला हाक मारत नाही. म्हणून टाइमर ठेवायचा, फक्त उठवायला. दर २५ मिलिसेकंदांनी जागं व्हायचं, पुढच्या १०० मिलिसेकंदांत येणारे ठोके शोधायचे आणि नेमक्या वेळेसकट आवाजाच्या घड्याळाकडे सोपवायचे. टाइमर २० मिलिसेकंदांनी चुकला तरी ठोका हलत नाही. सॅम ॲरनच्या सोनिक पाय या लाइव्ह कोडिंगच्या साधनातही ठोके असेच आधी ठरतात, काही बदललं नाही तर अर्धा सेकंद आधी. तिथली ‘स्लीप’ ही थांबायची आज्ञा खऱ्या घड्याळाऐवजी कोडची स्वतःची, आभासी वेळ पुढे नेते, त्यामुळे उशीर साचत नाही.

याची किंमत एवढीच की सोपवलेले ठोके मागे घेणं अवघड, म्हणून नवा कोड किंचित उशिरा ऐकू येतो. मी बदल थेट पुढच्या समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच, लावतो. ढोलकीवाला दुगुणही, म्हणजे दुप्पट लयही, समेवरूनच उचलतो.