‘टॅब दिला की पोरगं बोलायचंच सोडतं’ : खुलासा

जळगाव-धुळ्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या घरी हा सल्ला हमखास मिळतो: टॅब देऊ नका, बोट दाखवून काम भागलं की तो बोलणार कशाला? दिवसभर कार्टून लावून दिलं तर काळजी रास्तच आहे. पण चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं ॲप ही वेगळी गोष्ट. २००६ साली अशा साधनांवरच्या संशोधनाचा एकत्र आढावा निघाला. त्यात नीट तपासता आलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच.

मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे, मराठीतही चालतं. घरात अहिराणी असेल तर आवाज रेकॉर्ड करता येणारं ॲप घ्या आणि आईच्याच आवाजात भरा: ‘माले पानी जोयजे’. पुस्तकी मराठीपेक्षा हे पोराला लवकर कळतं.

आणि टॅब फक्त लहानांसाठी नाही. विशीतल्या मुलाला भरीत शिकवायचंय? टॅबवर आपल्याच ओट्याचे फोटो काढा: वांग्याला तेल लावलं, टोचे मारले, गॅसवर ठेवलं, फिरवलं, साल काढली. एक फोटो, एक काम, मग पुढचा. मधे आपण ‘अरे, फिरव ना!’ म्हणायचं नाही. हेच सगळ्यात अवघड जातं. हात बसला की फोटो एकेक कमी करायचे.

यूट्यूबची भीती असेल तर सेटिंगमध्ये स्क्रीन एकाच ॲपवर पिन करता येते, म्हणजे तेच ॲप समोर राहतं.