सही केली म्हणून हक्क जात नाही

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘कमी मजुरीला तूच तयार झालास, सही केलीस, आता कशाला ओरडतोस?’ विडी वळणाऱ्या बायकांना वर आणखी एक ऐकवतात: ‘तुमचं काम नगावर, तुम्हाला कसलं आलंय किमान वेतन!’

दोन्ही खोटं. १९४८चा जुना किमान वेतन कायदा घ्या किंवा २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेली वेतन संहिता, किमान दरावर पाणी सोडणारा करार रद्दबातलच. सही शंभरदा केलेली असली तरी! दिल्लीत एशियाड क्रीडास्पर्धांची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेल्या कामाला सक्तीची मजुरीच म्हटलं.

नगाचं म्हणाल, तर सरकार नगावरही किमान दर ठरवू शकतं; विडीला तो दर हजार विड्यांमागे असतो. नगाचा दर ठरलेला नसेल तिथे वेळेच्या हिशोबाने किमान वेतन द्यावंच लागतं.

किमान वेतनाचा आकडा तपासताना मूळ वेतनात विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारी रक्कम, मिळवा. तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी-जुलैत बदलतो. लोक नेमके इथेच फसतात, जुन्याच दराचा कागद धरून बसतात.

किमान वेतनापेक्षा जे कमी मिळालं, त्या फरकाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. वर त्या फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायचं मालकाने. तरी हजेरी आणि मिळालेली रक्कम रोज वहीत टिपा, पगाराच्या पाकिटाचा फोटो काढा आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाताना ते सोबत न्या.