पारसिकच्या कलत्या थरांची पार्श्वभूमी

ठाण्याहून मुंब्र्याकडे जाताना पारसिकच्या डोंगराची कापलेली बाजू नीट पाहिली, तर काळ्या कातळाचे थर समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात. माळशेज घाटात मात्र हेच थर पायऱ्यांसारखे जवळजवळ आडवे आहेत. ठाणे खाडीला आजचे रूप कसे आले, हे या कलातून उलगडत जाते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड आजच्या हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानावरून (जिथे भूगर्भातून वितळलेला खडक वर येतो) सरकत असताना, भेगांतून लाव्हा थरांवर थर वाहत राहिला आणि थिजून हाच काळा कातळ बनला. झीज होऊनही तो आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यासोबत बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायूंनी हवामान ढवळून निघाले. डायनोसॉरांच्या अंतात या वायूंचा वाटा किती आणि मेक्सिकोजवळ कोसळलेल्या अशनीचा किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात मात्र तळी साचत आणि त्यांत जीवसृष्टी पुन्हा वस्ती करी. वरळीच्या अशा गाळखडकात सापडलेल्या इवल्याशा बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केले.

पुढे सेशेल्स, म्हणजे आज हिंदी महासागरात असलेली बेटे, भारतापासून फुटून निघाले, तेव्हा ताणलेला पश्चिम किनारा खचला आणि थर वाकले. भूशास्त्रज्ञ याला ‘पनवेल वळी’ म्हणतात. मागे उरलेला सह्याद्रीचा उंच काठ नैऋत्य मोसमी वारे अडवतो. त्या पावसाने कातळाचा आधी मुरूम होतो, मग माती, आणि तिचा बारीक गाळ ओढ्यानाल्यांनी खाडीत उतरतो. त्या चिखलात खारफुटी रुजते आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्यातच चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातात. ही खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. तुर्भ्याच्या दगडखाणींतून मात्र त्याच कातळाची खडी निघत राहिली.

तानसा नदीकाठच्या अकलोली आणि गणेशपुरीच्या गरम कुंडांखाली ज्वालामुखी धुमसतो आहे, अशी समजूत अजूनही ऐकू येते. ती खरी नाही: तिथला ज्वालामुखी केव्हाच थंडावला असून, भेगांतून खोलवर झिरपलेले पाणी भूगर्भाच्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते.