उच्च दाबाचे द्रुत स्विचन

शेकडो व्होल्टपासून कित्येक लक्ष व्होल्टपर्यंतचा विद्युत् दाब काही नॅनोसेकंदांत एखाद्या लोडवर (वीज वापरणाऱ्या साधनावर) आणणे किंवा त्यावरून काढून घेणे, या क्रियेस उच्च दाबाचे द्रुत स्विचन म्हणतात. रडारमधील मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मतरंग निर्माण करणारी नळी), लेसरमधील पॉकेल्स घट (विद्युत् दाबाने प्रकाश नियंत्रित करणारे साधन), कणवेगवर्धकातील किकर चुंबक (कणझोत क्षणात वळविणारा) आणि वीजसामग्रीची आवेग चाचणी ही त्याची परिचित उपयोगक्षेत्रे होत.

या विषयावरील लेखनात स्विच म्हणून वापरलेल्या घटकाला बहुधा प्रथम स्थान मिळते. परंतु मंडलाच्या वेगाची खरी मर्यादा पुष्कळदा त्या घटकाभोवतीच्या तारा, जोडण्या व मोकळी जागा यांतून येते. सरळ तारेचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुणधर्म) दर सेंटिमीटरला सुमारे ८ ते १० नॅनोहेन्री असते, म्हणजे दोन सेंटिमीटरांच्या जोडणीत २० नॅनोहेन्री सहज जमतात. तीमधून १० नॅनोसेकंदांत १०० अँपिअर प्रवाह वाढवायचा असेल, तर केवळ त्या जोडणीतच २०० व्होल्ट दाब खर्ची पडतो. अनाहूत धारकतेचा (जवळच्या संवाहकांमध्ये आपोआप निर्माण होणाऱ्या विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेचा) परिणामही असाच आहे : १० पिकोफॅरड धारकतेवरील दाब एका नॅनोसेकंदात १,००० व्होल्टनी बदलण्यास १० अँपिअर प्रवाह लागतो आणि तो लोडच्या कामी येत नाही. म्हणून प्रवाहाचे जाण्याचे व परतण्याचे मार्ग रुंद पट्ट्यांनी व शक्य तितके जवळजवळ ठेवतात. मात्र हवेची रोधनक्षमता साधारण परिस्थितीत मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टच असल्याने हे अंतर हवे तेवढे कमी करता येत नाही. वेगासाठी जवळीक आणि दाबासाठी अंतर या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हाच अशा आराखड्याचा गाभा होय. काही आराखड्यांत संपूर्ण मंडल तेलात किंवा दाबाखालील वायूत ठेवतात, त्याचे कारणही हेच.

ठिणगी-फट (दोन विद्युत् अग्रांमधील वायूची फट) हा सर्वांत जुना व आजही उपयोगात असलेला स्विच आहे. फटीचा भंगदाब, म्हणजे ठिणगी पडण्यास लागणारा विद्युत् दाब, वायूचा दाब व फटीची लांबी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे जर्मन भौतिकीविज्ञ पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले. तथापि हा नियम भंग कोणत्या दाबाला होईल हे सांगतो, कोणत्या क्षणी होईल हे सांगत नाही. फटीत पहिला मुक्त इलेक्ट्रॉन केव्हा उपलब्ध होतो यावर विलंब ठरतो व तो दर वेळी वेगळा असतो. जंबुपार प्रकाश पडल्यास ठिणगी अधिक सहज पडते असे हर्ट्झ यांना १८८७ मध्ये आढळले होते. एकापुढील एक फटी परस्परांच्या नजरेत राहतील अशा मांडण्याची प्रथा याच गुणधर्माचा लाभ घेते, कारण एका फटीतील ठिणगीचा प्रकाश पुढील फटीवर पडतो.

अनेक धारित्रे (विद्युत् भार साठविणारे घटक) समांतर जोडून भारित करावयाची व नंतर एकसरीत विसर्जित करावयाची, या योजनेला मार्क्स जनित्र म्हणतात. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जर्मन अभियंते एर्विन मार्क्स यांचा पेटंट अर्ज प्रमाण मानल्यास १९२३ आणि प्रसिद्ध लेख मानल्यास १९२४ हे वर्ष येते. रशियन संदर्भग्रंथांत मात्र हेच मंडल आर्काद्येव-मार्क्स जनित्र या नावाने आढळते. शिसे-अम्ल घटमालेचे जनक गास्ताँ प्लांते यांनी १८७० नंतरच्या दशकात फिरत्या दंडगोलावरील संपर्कांच्या साहाय्याने अभ्रकाची धारित्रे समांतरातून एकसरीत आणणारे यंत्र तयार केले होते, त्यामुळे काही लेखक मूळ श्रेय त्यांना देतात. समांतर-एकसर ही कल्पना प्लांते यांच्याइतकी जुनी मानणे योग्य आहे. परंतु यांत्रिक संपर्काच्या जागी फटी घालून, पहिली फट पेटताच पुढील फटींवर अतिदाब यावा व त्या आपोआप पेटाव्यात, ही व्यवस्थाच जनित्राला वेग देते, आणि या अर्थाने मार्क्स यांचे नाव रूढ राहणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढील फटींवर येणारा अतिदाब प्रत्येक पायरीच्या जमिनीसापेक्ष अनाहूत धारकतेवर अवलंबून असतो. एरवी टाळावयाची ही धारकता येथे उपकारक ठरते. पायऱ्यांची संख्या ‘न’ या अक्षराने दर्शविली, तर आदर्श स्थितीत दाब ‘न’ पट होतो, तर जनित्राची परिणामी धारकता एका धारित्राच्या धारकतेच्या ‘न’-व्या भागाइतकी उरते.

चौकोनी स्पंद हवा असल्यास धारित्राऐवजी प्रेषणवाहिनी (तरंग वाहून नेणारी संवाहकांची जोडी) भारित करतात. पॉलिथिनयुक्त समाक्ष केबलीत तरंग नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो. त्यामुळे एक मीटर लांबीची केबल जुळत्या लोडमध्ये सुमारे १० नॅनोसेकंदांचा, परंतु निम्म्याच दाबाचा स्पंद देते. दोन वाहिन्या वापरून लोडवर पूर्ण दाब मिळविण्याची युक्ती ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांची असून ती १९४१ च्या सुमाराची मानतात. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या गरजेतून हायड्रोजन थायरेट्रॉन (स्विच म्हणून वापरावयाची वायुभरित नळी) हाही पुढे आला. हायड्रोजनाचे आयन हलके असल्याने नळी लवकर पूर्वस्थितीला येते.

अर्धसंवाहकांपैकी हिमप्रपात अवस्थेत (मुक्त विद्युत् भारांची संख्या झपाट्याने वाढत जाणाऱ्या भंगावस्थेत) चालविलेला लहान ट्रँझिस्टर एका नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात शेकडो व्होल्टचा दाब स्विच करू शकतो. उत्पादक या गुणधर्माची हमी सहसा देत नसल्याने नग एकेक तपासून निवडावे लागतात. मॉसफेट या ट्रँझिस्टर-प्रकारात गेटला (नियंत्रक अग्राला) पुरवावयाचा विद्युत् भार निर्णायक असतो : ५० नॅनोकुलंब ५ नॅनोसेकंदांत द्यायचे तर चालकमंडलाने सरासरी १० अँपिअर पुरवावे लागतात. अनेक मॉसफेट एकसरीत जोडल्यास चालू होताना सर्वांत मागे राहिलेल्यावर आणि बंद होताना सर्वांत आधी उघडलेल्यावर दाबाचा मोठा वाटा येतो. समांतर जोडलेले रोधक स्थिर अवस्थेतील वाटणी सांभाळतात. संक्रमणकाळात ते काम लहान धारित्रांना करावे लागते. गेटचे संकेत रोहित्रातून किंवा प्रकाशीय तंतूतून नेतात. प्रवाह अचानक तोडणाऱ्या डायोडांचे एक निराळे कुल लेनिनग्राड येथे ग्रेखोव्ह व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात विकसित केले. त्यात ऊर्जा धारित्राऐवजी प्रवर्तकात साठविलेली असते.

मापनातही तीच भूमितीय अडचण येते. दोलनदर्शकाची पट्टरुंदी (दाखविता येणाऱ्या कंप्रतांचा पल्ला) ३५० मेगाहर्ट्झ असल्यास त्याचा स्वतःचा चढावकाल (संकेत वर चढण्यास लागणारा वेळ) सुमारे एक नॅनोसेकंद असतो, म्हणून त्याहून तीव्र चढाव पडद्यावर दिसू शकत नाही. शिवाय शोधणीची (मंडलातील संकेत दोलनदर्शकाकडे नेणाऱ्या साधनाची) जमिनीला जोडलेली लांब तार प्रत्यक्ष मंडलात नसलेली आंदोलने दाखविते. शोधणीचे टोक व ती तार ही दोन्ही मंडलाच्या जमिनीवरील एकाच बिंदूला जोडली असताना पडद्यावर जे उमटते, ते या आंदोलनांचे मूळ ओळखण्याची सोपी कसोटी होय.