खुल्या मैदानातील तात्पुरता मंच : रचनेची सुरक्षितता

गाण्याच्या जाहीर कार्यक्रमासाठी मैदानात चार दिवसांपुरता उभारून लगेच उतरवला जाणारा मंच. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर फळ्या, वर ॲल्युमिनियम ट्रसचे (नळ्या त्रिकोणांत जोडून केलेल्या तुळयांचे) छत, छताला चेन हॉइस्टने (साखळीच्या उचलयंत्राने) टांगलेले दिवे आणि स्पीकर, पाठीमागे एलईडी वॉल व कडेने कापड, अशी त्याची साधारण मांडणी असते. मुंबईत शिवाजी पार्क, वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदाने, महालक्ष्मी रेसकोर्स येथे असे मंच उभे राहतात.

सत्काराच्या वेळी हार घालायला कार्यकर्ते वर चढतात आणि स्टेज खचते, तो प्रकार वेगळा. छत असलेल्या मोठ्या मंचाला खरी भीती वाऱ्याची. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकानुसार वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच एलईडी वॉलवर ताशी ३६ किमी वाऱ्यात सुमारे ४४० किलो भार येतो. वारा ताशी ७२ किमी झाला की तोच पावणेदोन टनांवर जातो. आकारानुसार येणारे गुणांक अजून यात धरलेले नाहीत. मुंबईसाठी मानकात हिशेबाला धरलेला वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी आहे.

मैदानात खोल पाया खणता येत नाही, म्हणून काँक्रीटचे ठोकळे किंवा पाण्याच्या टाक्या ठेवून मंच दाबून धरतात. हे वजन मंच उलटू देत नाही, पण घसरण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि तोच बहुधा राहून जातो. १३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळी वाऱ्याने मंचाचे छत कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. ताणदोऱ्या ज्यांना बांधल्या होत्या ते काँक्रीटचे अडथळे पुरेसा भार पेलू शकणारे नव्हते, असे तपासात आढळले. चौपाटीची वाळू किंवा भराव घातलेली जमीन असेल तर बेस प्लेटखाली (सांगाड्याच्या पायाला असलेल्या लोखंडी पत्र्याखाली) रुंद फळ्या हव्यात. नाहीतर एक पाय खचतो आणि भार शेजारच्या पायांवर जातो. सांगाडा डोलू नये म्हणून लावलेले तिरके आधार तर नेमके कलाकारांच्या ये-जा करण्याच्या वाटेत येतात आणि आयत्या वेळी कोणीतरी ते काढायला सांगतो.

मे महिन्यातील वळीव सर्वांत फसवा. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला धुळीच्या वादळात १२० फुटी होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला. ते होर्डिंग होते, मंच नव्हे. पण उभ्या सपाट पृष्ठभागाशी वाऱ्याचे वागणे दोन्हीकडे एकच. म्हणून छताच्या उंचीवर वारामापक बसवतात आणि कोणत्या वेगाला कापड सोडायचे, कधी एलईडी वॉल खाली घ्यायची, कधी मैदान रिकामे करायचे, हे आधीच लिहून ठेवतात. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार आयोजकाकडे न ठेवता तिकीटविक्रीशी संबंध नसलेल्या माणसाकडे असावा.

आगीचा धोका मंचाखाली असतो. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील महाराष्ट्र रजनीत लावणी चालू असतानाच मंच पेटला. समुद्रावरच्या वाऱ्याने आग झपाट्याने पसरली, पण जीवितहानी झाली नाही. मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी आयएस ८७५८ हे स्वतंत्र मानक आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या वेळी उभ्या असलेल्या रचनेपुरतेच खरे असते. त्यानंतर छताला जाहिरातीचा एखादा फलक जरी टांगला, तरी हिशेब नव्याने करावा लागतो.